अखेरचा हंगाम: अमेरिकी विद्यापीठीय फुटबॉलमधून बाहेर पडणारे खेळाडू

अमेरिकेत दर वर्षी नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून पुढच्या दीड-दोन महिन्यांत हजारो तरुणांचे फुटबॉल खेळणे कायमचे थांबते. बहुतेकांच्या बाबतीत त्याला वय, दुखापत किंवा अपयश कारणीभूत नसते, तर विद्यापीठाच्या संघातून खेळण्याची नियमाने आखून दिलेली त्यांची मुदत तेवढी संपलेली असते. येथे अभिप्रेत असलेला फुटबॉल हा गोव्यात गावोगावी किंवा कोल्हापुरात पेठापेठांच्या ईर्ष्येने रंगणारा पायाचा खेळ नव्हे, तर दोन्ही टोकांना निमुळता असलेला चेंडू हातात धरून पळत किंवा पुढे फेकत, अकरा-अकरा खेळाडूंच्या दोन संघांनी १०० यार्ड लांबीच्या मैदानावर खेळायचा अमेरिकी फुटबॉल होय. चेंडू ताब्यात असलेल्या संघाने चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचे, तसे न जमल्यास चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे सोपवायचा, आणि सरकत सरकत तो प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम रेषेपलीकडे नेला की सहा गुणांचा ‘टचडाउन’ मिळवायचा, अशी त्याची ढोबळ रचना आहे. शिरस्त्राण आणि अंगावरची संरक्षक कवचे घालून खेळायचा हा खेळ इतका झटापटीचा, इतका खर्चिक आणि इतक्या माणसांवर अवलंबून आहे की विद्यापीठ सोडल्यावर तो हौसेखातर चालू ठेवण्याची सोय जवळपास नाहीच. धावपटू, जलतरणपटू किंवा टेनिसपटू पन्नाशीतही आपला खेळ खेळू शकतो. अमेरिकी फुटबॉलपटूला मात्र व्यावसायिक संघाने घेतले नाही, तर वयाच्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षीच थांबावे लागते. विद्यापीठीय कारकीर्द संपवणाऱ्या खेळाडूंचे परिचय लिहिण्याची जी भरघोस परंपरा त्या देशात रुजली, तिचे मूळ या सक्तीच्या शेवटात आहे.

या परंपरेला आणखी एक ऐतिहासिक कारण आहे, ते म्हणजे हा खेळ जन्मला आणि वाढला तोच विद्यापीठांत. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सी राज्यातील न्यू ब्रन्सविक येथे रटगर्स आणि प्रिन्स्टन या महाविद्यालयांत झालेला सामना विद्यापीठीय फुटबॉलचा आरंभ मानला जातो, जरी त्या दिवशीचा खेळ आजच्यापेक्षा पायाच्या फुटबॉललाच अधिक जवळचा होता. पुढे १८८० च्या दशकात येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प यांनी नियम बदलत बदलत त्याला वेगळे रूप दिले. १९०५ च्या हंगामात मैदानावर इतके तरुण दगावले की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले, आणि त्या अस्वस्थतेतूनच १९०६ मध्ये एक नियामक संस्था उभी राहिली, जी १९१० पासून एनसीएए या नावाने ओळखली जाते. व्यावसायिक फुटबॉलची एनएफएल ही संघटना मात्र १९२० साली स्थापन झाली. म्हणजे विद्यापीठीय खेळ व्यावसायिक खेळापेक्षा तब्बल अर्धशतकाने जुना आहे, आणि सुरुवातीची कित्येक दशके प्रतिष्ठाही त्याच्याच वाट्याला होती. आजही मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची १,०७,६०१ ही आसनक्षमता कोणत्याही व्यावसायिक संघाच्या मैदानाला गाठता आलेली नाही.

व्यावसायिक खेळ त्या काळी किती दुय्यम मानला जात होता, हे शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगर याच्या उदाहरणावरून नीट कळते. देशातील सर्वोत्तम विद्यापीठीय खेळाडूला आज ‘हाइजमन’ नावाने दिला जाणारा करंडक १९३५ साली प्रथम दिला गेला तो बरवँगरला, आणि फेब्रुवारी १९३६ मध्ये फिलाडेल्फियातील एका हॉटेलात एनएफएलने आपला पहिला ‘ड्राफ्ट’ भरवला, तेव्हा पहिले नाव उच्चारले गेले तेही त्याचेच. ड्राफ्ट म्हणजे विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची व्यावसायिक संघांनी पाळीपाळीने करायची निवड. आदल्या हंगामात सर्वांत खाली राहिलेल्या संघाची पाळी पहिली, म्हणजे दुबळ्याला बळ मिळावे, असा तिचा हेतू. बरवँगरने मात्र पैशांचे जुळेना म्हणून व्यावसायिक फुटबॉलकडे पाठ फिरवली, तो रबरी फोम बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला लागला आणि एनएफएलचा एकही सामना न खेळता त्याने पुढे स्वतःचा उद्योग उभारला. त्याच्या विद्यापीठाने तर १९३९ साली फुटबॉल संघच बंद केला.

१९३४ च्या एका सामन्यात बरवँगरला पाडताना मिशिगनच्या एका खेळाडूच्या डाव्या डोळ्याखाली त्याची टाच लागून जखम झाली होती, आणि तिचा वण त्या खेळाडूच्या चेहऱ्यावर कायम राहिला; तो खेळाडू म्हणजे पुढे अमेरिकेचे अडतिसावे राष्ट्राध्यक्ष झालेले जेरल्ड फोर्ड. फोर्ड ‘सेंटर’ होते, म्हणजे प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी आपल्या पायांमधून चेंडू मागे देऊन लगेच समोरच्याला अडवणारे, ज्यांच्याकडे प्रेक्षकांचे सहसा लक्ष जात नाही अशांपैकी. १९३२ आणि १९३३ साली राष्ट्रीय विजेता ठरलेला मिशिगनचा संघ फोर्ड यांच्या अखेरच्या वर्षी, १९३४ मध्ये, आठपैकी सात सामने हरला, तरी सहकाऱ्यांनी संघातील सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून त्यांनाच निवडले. ग्रीन बे आणि डेट्रॉइट या दोन व्यावसायिक संघांनी त्यांना विचारले होते. परंतु त्यांनी येल विद्यापीठात साहाय्यक प्रशिक्षकाची नोकरी धरली, कारण तिथून कायद्याच्या अभ्यासक्रमाची वाट निघत होती. हरलेल्या संघातील एका अडवणाऱ्या खेळाडूचा १९३४ सालचा परिचय जर कोणी चार ओळींत आटोपला असता, तर त्याला दोष देता आला नसता, आणि या लेखनप्रकाराची खरी अडचणही तीच आहे: ज्या वयात माणसाविषयी फारसे काही ठरलेले नसते, त्या वयात त्याच्या एका आयुष्याचा समारोप लिहावा लागतो.

आयोवा विद्यापीठाचा नाइल किनिक हे त्याचे दुसरे टोक. १९३९ चा हाइजमन विजेता, अभ्यासात हुशार, व्यावसायिक प्रस्ताव नाकारून कायदा शिकायला गेलेला हा तरुण नौदलात वैमानिक झाला आणि २ जून १९४३ रोजी प्रशिक्षणाच्या उड्डाणात, वयाच्या चोविसाव्या वर्षी, मरण पावला. आयोवाचे मैदान १९७२ पासून त्याच्या नावाने ओळखले जाते. त्याच्याविषयी विद्यापीठाने पदवीच्या वेळी जे लिहिले, त्यात भर घालायला पुढे फार थोडा अवधी उरला होता.

आता मुदतीचा नियम. अमेरिकेत पदवीच्या चार वर्षांतील विद्यार्थ्यांना अनुक्रमे फ्रेशमन, सोफमोर, ज्युनियर आणि सीनियर म्हणतात, आणि खेळाच्या बाबतीत एनसीएएचा प्रस्थापित नियम असा की विद्यार्थ्याने प्रवेश घेतल्यापासून पाच वर्षांच्या आत चार हंगाम खेळावेत. एक वर्ष जास्तीचे ठेवण्यामागे हिशेब असा की पहिल्या वर्षी अठरा वर्षांचा मुलगा बाविशीतल्या गड्यांसमोर टिकत नाही. म्हणून त्याला वर्षभर सरावात ठेवायचे, सामन्यात उतरवायचे नाही आणि त्याचा एक हंगाम वाचवायचा, या पद्धतीला ‘रेडशर्ट’ म्हणतात. २०१८ पासून अशा वर्षात चार सामन्यांपर्यंत खेळण्याची मुभा मिळाली. १९७२ पूर्वी तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळताच येत नसे, त्यामुळे त्या काळच्या खेळाडूंची आकडेवारी आजच्यांशी ताडून पाहणाऱ्याने त्यांना मुळात तीनच हंगाम मिळाले होते, हे विसरता कामा नये. गंभीर दुखापतीमुळे हंगाम बुडाल्यास आणखी एक वर्ष मागता येते, आणि कोविडच्या साथीमुळे २०२० चा हंगाम कोणाच्याच हिशेबात धरला गेला नाही. या साऱ्या सवलती एकाच खेळाडूच्या वाट्याला आल्या की काय होते, ते कॅम मकॉर्मिक याच्या कारकिर्दीत दिसले: २०१६ साली ओरेगन विद्यापीठात दाखल झालेला हा खेळाडू पायाच्या एकामागून एक दुखापती सोसत अखेर २०२४ साली मायामी विद्यापीठाकडून आपल्या नवव्या वर्षात खेळला.

पदवी आणि खेळण्याची मुदत या दोन गोष्टी एकाच वेळी संपतात असे नाही, हेही येथे ध्यानात घ्यायला हवे. टेनेसी विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रे हाती असलेला व चेंडू फेकणारा खेळाडू, पेटन मॅनिंग याने तीन वर्षांतच पदवी मिळवली होती आणि १९९७ च्या ड्राफ्टमध्ये त्याला सहज वरचे स्थान मिळाले असते; तरीही चौथा हंगाम खेळण्यासाठी तो थांबला, आणि १९९८ मध्ये पहिल्या क्रमांकाने निवडला गेला. उलट, मुदत संपली पण पदवी राहिली, असे खेळाडूही प्रत्येक काळात झाले आहेत, आणि निरोपाच्या परिचयात त्यांच्या अभ्यासक्रमाचे नाव असते, पदवीचे नसते. अशा गाळलेल्या जागा वाचायला शिकणे, हा या लेखनाच्या जाणत्या वाचकाचा सराव असतो.

निरोपाचा प्रत्यक्ष प्रसंग म्हणजे ‘सीनियर डे’, अर्थात हंगामातील घरच्या मैदानावरचा अखेरचा सामना. सामन्यापूर्वी अखेरच्या वर्षातील खेळाडूंची नावे एकेक करून पुकारली जातात, प्रत्येक जण खेळाडूंच्या बोगद्यातून धावत मैदानावर येतो, तिथे उभ्या असलेल्या आईवडिलांना भेटतो, आईला फुले दिली जातात, काही ठिकाणी त्याच्या क्रमांकाची जर्सी चौकटीत बसवून त्याला देतात, आणि मग मुख्य प्रशिक्षक हस्तांदोलन करतो. या यादीत वर्षानुवर्षे शिष्यवृत्तीशिवाय संघात राहिलेलेही असतात. त्यांना ‘वॉक-ऑन’ म्हणतात. हे खेळाडू आठवडाभर पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या डावपेचांची नक्कल करून मुख्य खेळाडूंना सराव देतात आणि सामन्याच्या दिवशी बहुधा बाकावर बसतात. नोटर डेम विद्यापीठाच्या रूडी रुटिगर याला ८ नोव्हेंबर १९७५ रोजी जॉर्जिया टेकविरुद्धच्या घरच्या अखेरच्या सामन्यात शेवटच्या काही क्षणांपुरते उतरवण्यात आले, त्याने प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला पाडले आणि सहकाऱ्यांनी त्याला खांद्यावर उचलून बाहेर नेले. १९९३ साली त्याच्यावर चित्रपट निघाल्यापासून अमेरिकेतील प्रत्येक वॉक-ऑनच्या परिचयात त्याचा उल्लेख येण्याचा धोका असतो. वस्तुतः अशा खेळाडूंचे मोल त्या एका क्षणात नसून न पाहिल्या गेलेल्या शेकडो सरावांत असते, परंतु सरावाची आकडेवारी कोणी ठेवत नाही आणि परिचय लिहिणाऱ्याला आकडे लागतात.

परिचय लिहिणारे दोन असतात, आणि दोघांच्या लेखण्या अगदी वेगळ्या चालतात. पहिला असतो विद्यापीठाचा क्रीडा-माहिती विभाग किंवा त्या गावचे वर्तमानपत्र. त्यांच्या परिचयात खेळाडूचे गाव, शाळा, आईवडील, भावंडे, अभ्यासक्रम, किती सामन्यांत सुरुवातीपासून खेळला, कर्णधार होता का, आणि कोणत्या सामन्यातील कोणता क्षण लोकांच्या लक्षात आहे, हे सारे येते. दोष येत नाहीत, कारण निरोपाला कोणी दोष मोजत नाही. दुसरा असतो ‘स्काउट’, म्हणजे व्यावसायिक संघासाठी खेळाडू हेरणारा पारखी. त्याच्या टिपणात उंची इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजलेली असते, हाताची लांबी आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेल्या पंजाची रुंदी नोंदलेली असते, आणि बलस्थानांखाली ‘उणिवा’ असे स्पष्ट शीर्षक असते. पहिला परिचय त्या मुलाने काय केले ते सांगतो, दुसरा त्याचा आपल्याला काय उपयोग होईल ते विचारतो. गावाकडच्या वर्तमानपत्रात ज्याला जिद्दी म्हटलेले असते, त्याच्याविषयी स्काउट बहुधा एवढेच लिहितो की वेग कमी आहे; दोघेही खरेच बोलत असतात.

या दोन लेखण्यांतील अंतर टॉम ब्रेडी याच्याइतके कोणाच्या बाबतीत ठळक झाले नाही. मिशिगनसाठी आपल्या शेवटच्या सामन्यात, १ जानेवारी २००० रोजीच्या ऑरेंज बोलमध्ये, त्याने ३६९ यार्डांच्या फेकी आणि चार टचडाउन करत अलाबामाला जादा वेळेत ३५-३४ असे हरवले होते. त्यानंतर काही आठवड्यांनी चाळीस यार्ड धावायला त्याला ५.२८ सेकंद लागले, अंगकाठी किरकोळ ठरली, आणि ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी १९८ नावे घेतली गेली. पुढे त्याने व्यावसायिक फुटबॉलची सर्वोच्च अंतिम लढत, म्हणजे ‘सुपर बोल’, सात वेळा जिंकली. हे उदाहरण इतक्या वेळा दिले जाते की त्याने स्काउटांवर थोडा अन्यायच होतो, कारण ज्यांच्याविषयी ‘वेग कमी’ असे लिहिले आणि जे खरोखरच पुढे काही करू शकले नाहीत, त्यांची यादी कोणी छापत नाही.

स्काउटांपुढची परीक्षा टप्प्याटप्प्याने होते. सॅन फ्रान्सिस्कोत १९२५ साली सुरू झालेला ईस्ट-वेस्ट श्राइन सामना हा विद्यापीठ सोडणाऱ्या निवडक खेळाडूंचा सर्वांत जुना सामना असून त्याचे उत्पन्न मुलांच्या रुग्णालयांसाठी जाते. जेरल्ड फोर्डही १ जानेवारी १९३५ रोजी त्यात खेळले होते. १९५० साली सुरू झालेला आणि पुढच्याच वर्षापासून अलाबामा राज्यातील मोबील शहरात भरणारा ‘सीनियर बोल’ आज अधिक महत्त्वाचा मानला जातो, आणि तिथे सामन्यापेक्षा आधीच्या तीन-चार दिवसांचा सरावच पाहायला पारखी गर्दी करतात. त्यानंतर इंडियानापोलिस येथे, १९८७ पासून, ‘कंबाइन’ नावाची सामूहिक तपासणी होते: चाळीस यार्डांची धाव, उभी आणि लांब उडी, २२५ पौंडांचे म्हणजे सुमारे १०२ किलोंचे वजन जितक्या वेळा उचलता येईल तितक्या वेळा उचलणे, डॉक्टरांची तपासणी आणि संघांच्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती. सर्वांना अंतर्वस्त्रांवर उभे करून मोजमाप घेण्याची तेथील रीत पाहून गुरांच्या बाजाराची आठवण न होणे कठीण आहे. ज्यांना तिथे बोलावणे येत नाही, ते आपापल्या विद्यापीठात भरणाऱ्या ‘प्रो डे’ला धावतात.

शेवटी एप्रिलमधला ड्राफ्ट. १९९४ पासून त्याच्या सात फेऱ्या असतात, ३२ संघ मिळून सुमारे २६० खेळाडू निवडतात, आणि एनसीएएच्याच अंदाजानुसार निवडीस पात्र असलेल्या विद्यापीठीय खेळाडूंपैकी दर शंभरात दोघांपेक्षाही कमी जणांचे नाव त्यात येते. शेवटच्या क्रमांकावर निवडल्या जाणाऱ्याला १९७६ पासून थट्टेने ‘मिस्टर इररेलेव्हंट’ म्हणजे ‘श्री. बिनमहत्त्वाचे’ ही पदवी देऊन कॅलिफोर्नियातील न्यूपोर्ट बीच येथे त्याचा गमतीचा सत्कार केला जातो. २०२२ साली २६२ व्या, म्हणजे अखेरच्या, क्रमांकाने निवडला गेलेला आयोवा स्टेटचा ब्रॉक पर्डी दोन वर्षांच्या आत सॅन फ्रान्सिस्कोचा क्वार्टरबॅक म्हणून सुपर बोलमध्ये उतरला. कर्ट वॉर्नरला तर कोणीच निवडले नव्हते. नॉर्दर्न आयोवा विद्यापीठात त्याला पाचव्या वर्षी कुठे मुख्य क्वार्टरबॅकचे स्थान मिळाले, १९९४ मध्ये एका संघाने सरावासाठी घेऊन सोडून दिले, आणि मग तो सीडर फॉल्स येथील एका किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावू लागला. तिथून बंदिस्त सभागृहातील छोट्या फुटबॉलच्या मार्गाने तो वर आला आणि जानेवारी २००० मधील सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. याच वॉर्नरने पुढे भारतात हा खेळ रुजवू पाहणाऱ्या लीगमध्ये पैसे गुंतवले होते. २०१२ साली खेळवल्या गेलेल्या त्या लीगमध्ये ‘पुणे मराठाज’ आणि ‘मुंबई ग्लॅडिएटर्स’ हे संघ होते, पण तिची मुळे काही रुजली नाहीत.

ज्यांना सैनिकी अकादमीतून बाहेर पडायचे असते त्यांचा शेवट आणखी निराळा. रॉजर स्टॉबाख याने नौदल अकादमीकडून खेळताना १९६३ चा हाइजमन करंडक मिळवला, १९६४ च्या ड्राफ्टमध्ये डॅलस काउबॉइजने त्याला दहाव्या फेरीत निवडूनही ठेवले, परंतु पदवीनंतर चार वर्षांची नौदलाची सेवा, त्यात व्हिएतनाममधील नेमणूक, पुरी करून तो १९६९ साली सत्ताविसाव्या वर्षी संघात दाखल झाला. डॅलसने वाट पाहिली आणि त्याच्या काळात दोन सुपर बोल जिंकले. अभ्यासाची वाट धरणाऱ्यांचाही शेवट असाच निराळा: नोटर डेमच्या १९६६ च्या राष्ट्रीय विजेत्या संघातील ॲलन पेज व्यावसायिक खेळत असतानाच कायदा शिकला, १९७८ मध्ये त्याने कायद्याची पदवी मिळवली आणि १९९३ ते २०१५ मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश होता. फ्लोरिडा स्टेटच्या मायरन रोल याने अडीच वर्षांत पदवी घेतली, २००८ मध्ये ऑक्सफर्डची ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवली आणि अखेरचा हंगाम सोडून तो इंग्लंडला गेला. २०१० मध्ये ड्राफ्टच्या सहाव्या फेरीत त्याची निवड झाली खरी, पण त्या वर्षभराच्या अनुपस्थितीमुळे त्याची खेळाशी बांधिलकी किती, असा प्रश्न काही पारख्यांनी उघड विचारला होता. एनएफएलचा एकही नियमित सामना त्याला खेळायला मिळाला नाही आणि तो मेंदूचा शल्यविशारद झाला. अभ्यास आणि खेळ यांची सांगड घालणाऱ्या अखेरच्या वर्षातील खेळाडूला १९९० पासून दिला जाणारा आणि आज विल्यम कॅम्बेल यांचे नाव असलेला करंडक याच वर्गासाठी आहे. कॅम्बेल हे १९६१ च्या कोलंबिया विद्यापीठाच्या संघाचे कर्णधार, पुढे सिलिकॉन व्हॅलीतील नामांकित उद्योजकांचे सल्लागार.

रोलच्या व्यवसायाचा उल्लेख आला की या खेळाच्या दुसऱ्या हिशेबाकडे वळावेच लागते. डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांतून मेंदूत हळूहळू होणारा व वर्षांनंतर स्मृती आणि स्वभाव बिघडवणारा ऱ्हास वैद्यकशास्त्रात सीटीई या संक्षेपाने ओळखला जातो, आणि तो मृत्यूनंतर मेंदू तपासूनच निश्चित करता येतो. २०१७ साली बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एनएफएलमध्ये खेळलेल्या १११ जणांपैकी ११० जणांच्या मेंदूत त्याच्या खुणा आढळल्या, हा आकडा सर्वत्र गाजला. त्याच अभ्यासात विद्यापीठापर्यंतच खेळलेल्या ५३ पैकी ४८ जणांतही त्या आढळल्या होत्या, याकडे तुलनेने कमी लक्ष गेले. हे मेंदू बहुधा लक्षणे दिसलेल्यांच्या कुटुंबीयांनी दिलेले होते, त्यामुळे हे प्रमाण सर्व खेळाडूंना लावता येत नाही. तरी ज्यांची कारकीर्द बाविसाव्या वर्षी संपली त्यांचा खेळाशी असलेला संबंधही तिथे संपला, असे म्हणणे आता अवघड झाले आहे.

शेवटच्या सामन्याचे पावित्र्य प्रथम डळमळले तेही शरीराच्याच काळजीने. हंगामानंतर विशेष निमंत्रणावर होणाऱ्या सामन्यांना ‘बोल’ म्हणतात. १ जानेवारी २०१६ रोजीच्या फिएस्टा बोलमध्ये नोटर डेमच्या जेलन स्मिथचा गुडघा जायबंदी झाला आणि पहिल्या पाच-सातांत अपेक्षित असलेले त्याचे नाव दुसऱ्या फेरीत गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस लेनर्ड फोर्नेट आणि क्रिश्चन मॅककॅफ्री या दोघांनी आपापल्या विद्यापीठाचा बोल सामना खेळायचे नाकारले. संघाशी दगा केला म्हणून त्यांच्यावर टीका झाली, पण ड्राफ्टमध्ये ते अनुक्रमे चौथ्या आणि आठव्या क्रमांकाने निवडले गेले, आणि तेव्हापासून ही गोष्ट नित्याची झाली. कोट्यवधी डॉलरचे उत्पन्न देणाऱ्या सामन्यात ज्याला वेतन मिळत नव्हते, त्याने आपला गुडघा जपला, तर त्यात दगा कसला, हा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद अधिक सबळ होता.

वेतनाचा प्रश्न पुढच्या नऊ वर्षांत मुख्यतः न्यायालयांतून उलगडत गेला. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक लाभांवरील एनसीएएच्या मर्यादा एकमताने बेकायदा ठरवल्या, १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचा व छबीचा मोबदला घेता येऊ लागला, आणि जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट खेळाडूंत वाटू शकतात. त्याच सुमारास एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाण्यासाठी वर्षभर बाहेर बसण्याची अटही गेली. त्याचा पहिला परिणाम परिचयांच्या आकारावर झाला, कारण एकाच परिचयात आता अनेक विद्यापीठे येऊ लागली. ती अट जाण्यापूर्वीचेच उदाहरण पाहा: ओहायो स्टेटमध्ये तीन वर्षांत पदवी घेऊनही बाकावरच राहिलेला जो बरो २०१८ मध्ये लुइझियाना स्टेटला गेला आणि २०१९ च्या अपराजित हंगामात त्याने ६० टचडाउन फेकले. तरी हाइजमन स्वीकारताना त्याने सांगितले ते ओहायोतील आपल्या अथेन्स परगण्यातील उपाशी मुलांविषयी, आणि त्या भाषणानंतर तिथल्या अन्नपेढीकडे पाच लाख डॉलरहून अधिक देणग्या जमल्या. परिचयातील ‘गाव’ या रकान्याला इतके वजन क्वचितच आले असेल. आता मात्र चार वर्षांत तीन विद्यापीठे केलेल्या खेळाडूचा सीनियर डे नेमका कोणाच्या मैदानावर व्हावा, हा प्रश्न रोजचा झाला आहे.

व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा क्वार्टरबॅक डिएगो पाविया याने तर मुदतीच्या नियमालाच न्यायालयात खेचले. न्यू मेक्सिको मिलिटरी इन्स्टिट्यूट या दोन वर्षांच्या कनिष्ठ महाविद्यालयातून सुरुवात करून तो न्यू मेक्सिको स्टेटला आणि तिथून २०२४ मध्ये व्हँडरबिल्टला आला, ऑक्टोबरमध्ये त्याने देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या अलाबामाला ४०-३५ असे हरवले, आणि हंगाम संपण्याआधीच कनिष्ठ महाविद्यालयातील वर्षे आपल्या मुदतीत धरू नयेत अशी मागणी केली, कारण आता प्रत्येक हंगामाला बाजारात किंमत होती आणि ती नाकारणे म्हणजे त्याच्या कमाईवर बंधन घालणे होते. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने त्याला तात्पुरता दिलासा दिला, एनसीएएने त्याच्यासारख्या इतरांनाही एक वर्ष वाढवून दिले, आणि वाढीव २०२५ च्या हंगामात व्हँडरबिल्टने आपल्या इतिहासात प्रथमच दहा सामने जिंकले, तर पाविया हाइजमनच्या मतदानात दुसरा आला. त्यानंतर मुदतवाढ मागणाऱ्या खेळाडूंचे अर्ज देशभरातील न्यायालयांत दाखल होत गेले, आणि काही न्यायाधीशांनी ते मान्य केले, तर काहींनी फेटाळले.